टीटीची बादली आली आहे. खावी की परत करावी?

कविता_अकोला (इन्व्हरकार्गिल)

नमस्कार मंडळी. आम्ही न्यूझीलंडच्या पार दक्षिणेला, इन्व्हरकार्गिलला राहतो. शेजारी एक माओरी आजी आहेत, सगळे त्यांना टाउआ म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. परवा त्यांच्या नातवाने झाकणाची पांढरी बादली आणून दिली. आत मिठात दाबलेले पक्षी. पिसं काढलेले, मधोमध चिरून पुस्तकासारखे उघडलेले, पिवळट चरबीचे. इथे याला मटनबर्ड म्हणतात, माओरीत टीटी. टाउआंचं घराणं दरवर्षी एप्रिल-मेमध्ये बेटावर जाऊन ते धरून आणतं. ही बादली म्हणजे मानाची गोष्ट आहे एवढं मला कळलं. विकत घ्यायला गेलं तर महाग मिळते.

नवरा म्हणतो परत कर. त्याने वाचलं की हा सूटी शिअरवॉटर नावाचा समुद्रपक्षी आहे, धोक्याच्या उंबरठ्यावरच्या यादीत आहे आणि त्याची संख्या घटतेय. तरी वर्षाला लाखो पिल्लं मारतात म्हणे. लेक सातवीत आहे, तिने तर सरळ विचारलं, "आई, तू नामशेष होणारा पक्षी खाणार?" मी मटण-कोंबडी खाणारी बाई आहे, सोवळ्यातली नाही. पण मनात किडा वळवळतोय. बादली परत दिली तर टाउआंना काय वाटेल तेही कळतं.

तर प्रश्न असे. संख्या घटतेय तर शिकार बंद का करत नाहीत? घट शिकारीमुळेच आहे का? आणि दक्षिणेतलं कुणी इथे असेल तर, हे शिजवतात कसं? भावनिक प्रतिसाद नकोत, ते घरात भरपूर मिळताहेत.


सात्त्विक_सदाशिव (पुणे)

उडताही न येणारी पिल्लं बिळातून ओढून काढायची आणि त्याला परंपरा म्हणायचं. सतीही परंपराच होती. प्रश्न उरतोच कुठे?


मिरकरवाडा (ब्लफ)

पहिल्याच प्रतिसादात सतीवर पोचलो. पुढचं सगळं सोपं जाईल.

कविताताई, मी ब्लफला असतो, तुमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर. मूळचा रत्नागिरीचा, मिरकरवाड्याचा. इथे मासेमारी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. मार्च लागला की धक्क्यावर बर्डरांची झुंबड उडते. बर्डर म्हणजे टीटी धरायला जाणारी माओरी कुटुंबं. 15 मार्चपासून त्यांना बेटावर जाऊन झोपड्या, वाटा, पाण्याच्या टाक्या नीट करायची मुभा असते. पिल्लं धरायची ती 1 एप्रिल ते 31 मे, त्याच्या आधी नाही की नंतर नाही. त्यामुळे मार्चचा पहिला पंधरवडा मला डबा उघडायला फुरसत नसते. सगळ्यांना आपलं इंजिन आजच हवं असतं, कारण फोव्हो सामुद्रधुनीत बंद पडलेल्या इंजिनाला कोणी वाली नाही.

आधीच सांगतो, बेटावर मी पाय ठेवलेला नाही. टीटीची बेटं स्टुअर्ट बेटाभोवती आहेत. स्टुअर्ट बेटाचं माओरी नाव राकिउरा, आणि हा हक्क फक्त राकिउरा माओरींचा, तो रक्ताने येतो. मला जे ठाऊक आहे ते धक्क्यावरचं, वाचलेलं आणि माझ्या जोडीदाराकडून ऐकलेलं. तो आमच्या वर्कशॉपमध्येच असतो, दरवर्षी जातो. जूनमध्ये परत येतो तेव्हा नखांत काळी पीट माती, कोपरापर्यंत ओरखडे आणि अंगाला मेणाचा वास. पिसं काढायला पक्षी वितळलेल्या मेणात बुडवतात, गार झालं की मेणासकट पिसं सोलतात. तो वास आठवडाभर जात नाही, बायको त्याचे कपडे बाहेरच्या दोरीवरच ठेवते.

आता तुमचा मुद्दा. घट खरी आहे, त्यात वादच नाही. तुमच्या यजमानांनी वाचलंय ते बरोबर. फक्त घट म्हणजे "खाऊन संपवले" असं लगेच म्हणता येत नाही. याचं एक उदाहरण इतकं सरळ आहे की मी नेहमी तिथूनच सुरुवात करतो. स्टुअर्ट बेटाच्या नैऋत्येला स्नेअर्स नावाची छोटी बेटं आहेत. तिथे या पक्ष्याची प्रचंड वसाहत आहे. तिथे शिकार होत नाही. उंदीर नाहीत, मांजरं नाहीत, माणसाने आणलेला एकही सस्तन प्राणी नाही. पक्ष्याला जमिनीवर याहून सुखाची जागा मिळणं कठीण. तरीही 1969-71 मध्ये मोजलेली बिळं आणि 1996-2000 मध्ये मोजलेली बिळं यांत 37 टक्क्यांची घट निघाली. कुणी हात लावला नाही तिथेही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गेले. मग कारण जमिनीवर शोधून कसं चालेल? ते समुद्रात आहे.

समुद्र म्हणजे केवढा, तेही बघा. हा पक्षी जेमतेम पाऊण-एक किलोचा, पण पंख पसरले की मीटरभर. इथली वीण संपली की उत्तरेकडे निघतो. जपान, अलास्का, कॅलिफोर्निया यांपैकी कुठल्या तरी समुद्रात उत्तरेकडचा उन्हाळा काढतो आणि परत येतो. पॅसिफिकभर इंग्रजी आठचा आकडा काढल्यासारखा तो प्रवास. 2006 साली छापलेल्या अभ्यासात पायाला यंत्रं बांधलेल्या पक्ष्यांचा फेरा सरासरी 64,000 किलोमीटरच्या घरात भरला. सर्वांत खोल बुडी 68 मीटर. आम्ही दर्यावर जन्म काढलेली माणसं, पण एवढा दर्या आमच्या कुणाच्या पत्रिकेत नाही.

म्हणजे वाटेत कुठेही काहीही बिघडलं की फटका इथे बसतो. कॅलिफोर्नियाच्या प्रवाहात 1987 ते 1994 या काळात यांची संख्या 90 टक्क्यांनी पडली आणि त्याच काळात तिथला समुद्र तापलेला होता. काही अभ्यासकांचं म्हणणं, सगळे मेले नाहीत, त्यातले बरेच थंड पाण्याकडे, पॅसिफिकच्या मध्याकडे सरकले. दोन्ही थोडंथोडं खरं असणार असं माझं मत. दुसरं म्हणजे उत्तर पॅसिफिकमधली ड्रिफ्टनेट. स्क्विड आणि सॅल्मन माशांसाठी कित्येक किलोमीटर लांब जाळी रात्रभर पाण्यात सोडून द्यायची, त्यात सील, डॉल्फिन, पक्षी सगळंच अडकायचं. शिअरवॉटर त्यांत लाखांनी बुडाले. ते मोठे पक्षी होते, अंडी घालणारे. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाने 1992 अखेर खोल समुद्रातली ती मोठी जाळी बंद झाली.

हा मोठे-लहान फरक सदाशिवरावांना क्रूर वाटेल, पण सगळं गणित त्यावरच आहे. टीटीची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. पिल्लू मोठं होऊन स्वतः वीण घालायला पाच-सहा वर्षं, कधी त्याहून जास्त घेतं. पण मोठा झालेला पक्षी वर्षानुवर्षं जगतो. अशा प्राण्याचं एक पिल्लू काढलं तर एक पिल्लू गेलं, आणि त्यातली बरीच तशीही पहिल्या वर्षी समुद्रात मरणारी असतात. एक मोठा पक्षी मारलात तर पुढची दहा-पंधरा वर्षं गेली. म्हणून बेटावर मोठ्या पक्ष्याला हात लावायची बंदी आहे. कायद्यानेही आहे आणि त्याच्या कितीतरी आधीपासून रिवाजानेही.

धरण्याच्या दोन पद्धती. एप्रिलमध्ये नानाओ, म्हणजे दिवसा बिळात हात घालून पिल्लू काढायचं. पोटावर झोपून, खांद्यापर्यंत हात आत. मग एप्रिल सरताना पिल्लं रात्री बिळाबाहेर येऊन पंख झाडायला लागतात, तेव्हा रामा, म्हणजे दिव्याच्या उजेडात धरणं. चांदण्या रात्री ती बाहेर पडत नाहीत, काळोखी, पावसाची, वाऱ्याची रात्र लागते. आमचा गडी हवामान खात्याचा अंदाज वाचून खूश होतो तो असा: "मस्त, तीन दिवस वादळ." तोवर आई-बाप पिल्लाला सोडून उत्तरेला निघून गेलेले असतात, म्हणजे चुकून मोठा पक्षी हाती लागण्याचा प्रश्नही कमी.


डेटाबाबू (सिडनी)

मिरकरवाडा, माहितीपूर्ण प्रतिसाद. पण एक आकडा तुम्ही सोयीस्करपणे गाळलात. वर्षाला किती पिल्लं काढतात? स्नेअर्सचं उदाहरण एवढंच सांगतं की समुद्रातही कारण आहे. शिकारीचा वाटा शून्य आहे असं त्यातून निघत नाही. घटत्या संख्येवर शिकार चालू ठेवणं म्हणजे आजारी माणसाचं रक्तदान घेणं. शिवाय बेटावर किती पक्षी आहेत हे सांगणार कोण, तर तेच पक्षी धरणारे? मच्छीमाराला विचारा समुद्रात मासे आहेत का, तो जाळ्याकडे बघून सांगणार.


मिरकरवाडा (ब्लफ)

गाळला नव्हता, दम खात होतो. घ्या.

ओटागो विद्यापीठ आणि राकिउरा माओरी यांनी मिळून 1994 पासून एक लांबलचक अभ्यास चालवला. हेन्रिक मोलर नावाचे प्राध्यापक त्याच्या मागे होते. बर्डरांनीच त्यांना बोलावून घेतलं, अटी घालून: विचारायचे प्रश्न आम्ही मिळून ठरवू, निकाल आधी आम्हाला सांगायचे. त्यातून 1994-2005 या काळासाठी निघालेला अंदाज असा. न्यूझीलंडमध्ये साधारण 2 कोटी 13 लाख सूटी शिअरवॉटर, त्यातले निम्म्याहून थोडे जास्त या टीटी बेटांवर. वर्षाला काढली जाणारी पिल्लं सुमारे 3 लाख 60 हजार. जिथे शिकार होते त्या जागांवर जन्मणाऱ्या पिल्लांपैकी 18 टक्के, आणि राकिउरा भागातल्या सगळ्या पिल्लांचा हिशेब धरला तर 13 टक्के. आकडा लहान नाही. मी तो लहान आहे असं म्हणणारही नाही.

तुमचा जाळ्याचा मुद्दा अगदी मान्य, मीच तो मच्छीमाराचा पोर. पक्षी कमी झाले तरी बर्डर जास्त वेळ काम करून तेवढ्याच बादल्या भरू शकतो, त्यामुळे नुसत्या बादल्या मोजून काही कळत नाही. म्हणून त्या लोकांनी बिळात नळीला लावलेला कॅमेरा घालून पिल्लं मोजली, शिकारीच्या आणि बिनशिकारीच्या जागा शेजारी ठेवून. आणि म्हणूनच डायऱ्या कामाच्या ठरल्या. काही घराण्यांत आजोबापासून रोज रात्री लिहायची सवय आहे: किती धरले, किती तास, वारा कुठला, पिल्लं जाड की रोड. तासाला किती हा हिशेब त्यातून निघतो. 1999 साली अशाच नोंदींवरून एक निबंध छापून आला. पिल्लं कमी आणि हडकुळी निघाली की पुढच्या वर्षभरात एल निनो येतो, असं त्यात दिसलं. म्हणजे पॅसिफिकच्या हवामानाची चाहूल बेटावरच्या वहीत आधी लागत होती. ज्या माणसाची चूल त्या वहीवर आहे तो खोटं कशाला लिहील? आकडा फुगवून मिळणार काय, तर नातवाला रिकामी बिळं.

पण मला इथल्या लोकांची आरती ओवाळायची नाही. त्यांची एक कच्ची बाजू मला दिसते. काळ ठरलेला आहे, जागा ठरलेली आहे (बऱ्याच बेटांवर प्रत्येक कुटुंबाचा आपला पट्टा असतो, त्याला मनू म्हणतात, दुसऱ्याच्या मनूत शिरायचं नाही), मोठा पक्षी वर्ज्य आहे. किती धरायचे यावर मात्र मर्यादा नाही. पूर्वी ती मर्यादा आपोआप पडायची. केल्प नावाचं जाड समुद्री शेवाळ चिरून त्याची पिशवी करायची, फुंकून सुकवायची, त्यात पक्षी त्यांच्याच चरबीत भरायचे, बाहेरून टोटारा झाडाच्या सालीचं वेष्टण आणि अंबाडीसारख्या पात्याची टोपली. या पिशवीला माओरीत पोहा म्हणतात (आपले पोहे नव्हेत). असा एक बांधायला किती वेळ लागत असेल! पाठीवरून तो किनाऱ्यापर्यंत आणायचा, होडीतून न्यायचा. आता प्लास्टिकची बादली, कपाळावर एलईडी, जनरेटर, मेणाचं भांडं, आणि माल उचलायला हेलिकॉप्टर. आमच्याकडेही नारळी पौर्णिमेआधी कुणी होडी लोटत नव्हतं आणि तेवढ्याने भागत होतं. मग मोठे ट्रॉलर आणि रात्री दिवे लावून मासेमारी आली. रिवाज जुन्या हत्याराच्या मापाने शिवलेला असतो. हे मी आमच्या गड्याला बोललो तेव्हा तो म्हणाला, "बरोबर आहे, आमच्याकडे मीटिंगमध्ये याच्यावरच भांडणं होतात." भांडतात ही मला त्यातल्या त्यात बरी खूण वाटते.

दुसरी बाजू उंदरांची. टाउकिहेपा हे त्यातलं सगळ्यात मोठं बेट. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे बोटींमधून जहाजी उंदीर उतरले, आणि त्या बोटी बर्डरांच्याच असणार, दुसरं तिथे जातं कोण? 1964 पर्यंत नुसता हैदोस. एका जातीची पाणलाव्यासारखी स्नाइप आणि बुश रेन नावाचा चिमणा पक्षी जगातून गेले, आणि एका जातीचं वटवाघूळ 1967 नंतर खात्रीने दिसलेलं नाही. सॅडलबॅक पक्ष्याची दक्षिणेकडची जात फक्त तिथेच उरली होती. वन्यजीव खात्याच्या माणसांनी त्यातले 36 पकडून दुसऱ्या बेटांवर हलवले म्हणून ती वाचली. शिवाय जुन्या काळी बर्डरांनीच खायला म्हणून वेका पक्षी काही बेटांवर सोडले, ते टीटीची अंडी-पिल्लं फस्त करतात. हे सगळं इथली माणसं स्वतः सांगतात, लपवत नाहीत. आज धक्क्यावर सामान चढवताना पिंप, गाद्या, लाकडं उघडून उंदीर बघतात. मी दुरुस्त केलेल्या इंजिनाचं खोकं पण उघडायला लावतात. आधी राग यायचा, आता मीच उघडून ठेवतो.

उंदीर निघाले कसे, ही आणखी एक कहाणी. 1998 साली कमांड नावाच्या टँकरने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ तेल सांडलं. त्यात मेलेल्या पक्ष्यांत सूटी शिअरवॉटर होते. भरपाईचा पैसा आला. तो तिथे कुठे खर्च करणार, पक्षी तर जन्मतो इकडे. म्हणून तो पैसा इथे आला आणि 2006 मध्ये टाउकिहेपा आणि जवळच्या तीन बेटांवरचे उंदीर साफ झाले. अमेरिकेतल्या तेलगळतीच्या पैशाने माओरींच्या बेटावरचे उंदीर मेले. सरकारी कामात असा शहाणपणा क्वचितच बघायला मिळतो.


वेंगुर्लेकर (सिंधुदुर्ग)

छान चाललाय धागा. थोडं अवांतर. आमच्या वेंगुर्ला रॉक्सवर गुहांमध्ये भारतीय स्विफ्टलेट, आपल्या भाषेत पाकोळ्या, लाळेची घरटी करतात. सूपासाठी त्या घरट्यांची चोरी व्हायची, अंडी-पिल्लांसकट खरवडून काढायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरेंच्या पुढाकाराने ते हुडकून काढलं आणि पहारा बसवला. मग मिरकरवाडा, फरक काय? तिथे चोरी आणि इथे हक्क, असं का?


मिरकरवाडा (ब्लफ)

दादा, फरक मालकीचा आणि पुढच्या वर्षीचा. खडकावर शिडी लावणारा पुढच्या वर्षी तिथे येईलच असं नाही, घरटं विकून मोकळा. पाकोळी संपली तर त्याचं काय जातं? इथे 1864 मध्ये राकिउरा बेट 6,000 पौंडांना सरकारला विकताना म्हाताऱ्यांनी हट्टाने टीटीची बेटं बाजूला काढून घेतली. एवढं मोठं बेट गेलं तरी चालेल, पण ही खडकाळ, वाऱ्याने झोडपलेली बेटं नाही देणार. उरलेली जी सरकारकडे राहिली होती त्यांची मालकीही 1998 मध्ये काई ताहू या इथल्या माओरी जमातीशी सरकारने केलेल्या समझोत्यात परत आली. ज्याचा मनू आहे त्याला माहीत असतं की त्याच बिळात हात त्याच्या नातवाचा जाणार आहे. त्याने नियम पाळले जातीलच असं नाही, माणूस इथून-तिथून सारखाच. पण मोडणारा कोण हे शेजाऱ्याला कळतं.


मेधा_ॲबर्डीन

इथे स्कॉटलंडमध्येही असं एक आहे. लुईस बेटावरच्या नेस भागातले लोक सुला स्गेर खडकावर जाऊन गॅनेट या समुद्रपक्ष्याची पिल्लं धरतात, गुगा म्हणतात त्याला. त्यांना परवान्यात आकडा असतो, आधी तो 2000 होता. 2022 मध्ये बर्ड फ्लूने गॅनेट पटापट मेले तेव्हा ते लोक काही वर्षं गेलेच नाहीत. 2025 ला परवाना मिळाला तो 500 चा. मर्यादा नाही यावरचं मिरकरवाडांचं बोलणं पटलं, म्हणून लिहिलं.


डेटाबाबू (सिडनी)

ठीक. माझं म्हणणं आता एवढंच राहतं: 2005 पर्यंतच्या मोजणीवर आज निर्णय घेणं मला जमत नाही. समुद्र त्यानंतर आणखी तापलाय. आकडेवारीची अडचण अशी आहे की अशा पक्ष्यात पिल्लांच्या संख्येतली घट कळायला दहा-वीस वर्षं जातात, कारण मोठे पक्षी जिवंत असेपर्यंत वसाहत भरलेली दिसते. पुन्हा कॅमेरा घालून मोजायला हवं. कविताताईंनी एक बादली खाल्ली तर काही बिघडत नाही हे मात्र मान्य.


मिरकरवाडा (ब्लफ)

हे शंभर टक्के मान्य. नुसतं "आम्ही शेकडो वर्षं करत आलोय" हे मला उत्तर म्हणून चालत नाही, तापलेल्या समुद्राला शेकडो वर्षांचं काय. पुन्हा मोजा, आणि मोजून कमी निघाले तर आकडा घाला, स्कॉटलंडवाल्यांसारखा. फक्त तो बेटावर जाणाऱ्यांनी बसून ठरवावा. वेलिंग्टनहून किंवा पुण्याहून नको.


सात्त्विक_सदाशिव (पुणे)

पुण्याचं नाव उगाच. तरी स्नेअर्सची गोष्ट मला माहीत नव्हती, वाचून विचारात पडलो. खाणार मात्र नाही.


कविता_अकोला (इन्व्हरकार्गिल)

सगळ्यांचे आभार. लेकीला स्नेअर्सचं आणि टँकरचं सांगितलं. तिने शाळेत प्रोजेक्टला हाच विषय घेतलाय, आता ती टाउआंच्या घरी जाऊन डायरी आहे का विचारतेय. नवरा अजून नाक मुरडतो, पण ते वासामुळे. बादली घरातच आहे. मिरकरवाडा, शिजवायचं तेवढं राहिलं.


मिरकरवाडा (ब्लफ)

सांगतो. नवऱ्याला बाहेर पाठवा, खिडक्या उघडा. जो माणूस सुके बोंबील भाजलेल्या घरात वाढलाय त्याला काही वाटणार नाही, अकोल्याचं सांगता येत नाही.

पक्षी धुवून मोठ्या पातेल्यात गार पाण्यात घाला आणि उकळी आणा. वर फेस आणि चरबी येईल. ते पाणी टाका, नवीन घाला, पुन्हा उकळा. असं तीनदा. मीठ इतकं जबर असतं की एका पाण्यात खाल्लंत तर रात्रभर तांब्या घेऊन बसाल. वेगळं मीठ चुकूनही घालू नका. तिसऱ्या पाण्यात मांस हाडापासून सुटायला लागलं की काढा, पाणी निथळू द्या आणि ग्रिलखाली कातडी कुरकुरीत होईपर्यंत भाजा. इथले लोक उकडलेल्या बटाट्याबरोबर खातात आणि तेच बरोबर आहे, बटाटा मीठ-चरबी ओढून घेतो. मालवणी मसाला घालायचा मोह मी करून बघितला. मसाला हरला. कोकमाचं सार मात्र बरोबर ठेवा, चरबी कापते. चव मटण आणि खारवलेल्या मासळीच्या मधली. पहिल्या दिवशी चौघांत एकच करा, जड असतं.

आणि ती उकळलेली पाणी सिंकमध्ये ओतू नका. चरबी गार होऊन पाइपात बसते, प्लंबर इथे तासाचे किती घेतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. गार करून वरचा थर खरवडून कचऱ्यात टाका, मग खालचं पाणी सोडा.